इंदूआक्काची हिरवी बाटली

पाणी टाकलं आणि बाटलीतलं सगळं पांढरं झालं.

थोडं नाय, सगळं. जखम धुवायचं ते उग्र औषध पाण्यात पडलं की कसं एकदम दूध होतं, तसं. मी बाटली उजेडात धरली, हलवली, मग वाटलं हलवल्यानं आणखी बिघडेल म्हणून खाली ठेवली, मग परत उचलली. कडेवर चिऊ होती, तिला वाटलं दूधच हाय, ती हात पुढं करायला लागली. तेवढ्यात भिंतीपलीकडून इंदूआक्काचा आवाज आला, "कविता, आण गं ती. साडेदहा झाले." आणि अकराला तिच्या सासरची माणसं येणार होती, तिला कायमची त्र्यंबकला न्यायला.

मी काय केलं ते सांगते. बाटलीत तळाला उरलं होतं बोटाच्या पेराएवढं. मला वाटलं, आज आक्काला चार माणसांसमोर बसायचं, कानामागं लावणार, मनगटाला लावणार, एवढ्यात पुरायचं नाय. आपण शाम्पू संपत आला की पाणी घालून खळबळतो आणि आणखी चार दिवस काढतो, सॉसच्या बाटलीचं पण तेच. त्याच सवयीनं मी बाटली नळाखाली धरली. सेंटला पाणी चालत नाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला नववीतनं काढलं, पण दहावीत शिकवत असतील असं पण वाटत नाय.

बाटली आक्काची, पण ती माझ्याकडं होती त्याचं कारण दिगंबर. म्हणजे आक्काच्या नवऱ्याचा पुतण्या. गुरुवारी तो येऊन बघून गेला आणि फळीवरची बाटली बघून म्हणाला, "काकू, आधी हे फेकतो. याच्यापायी लोक हसतात आपल्याला." तो गेल्यावर आक्कानं बाटली फडक्यात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "रविवारपर्यंत तू ठेव. तू भित्री हायस. भित्रं माणूस वस्तू नीट सांभाळतं."

बघा म्हणजे.

आता आक्का कोण ते सांगते, नायतर तुम्ही म्हणाल एका बाटलीसाठी एवढं काय घाबरायचं.

आमची बिल्डिंग सातपूरला, कंपन्यांच्या मागच्या बाजूला. तीन मजले, लांब गॅलरी, एका ओळीत खोल्या. बारा नंबरला आम्ही, म्हणजे मी, माझे मिस्टर सागर आणि चिऊ. तेरा नंबरला आक्का. मधली भिंत एका विटेची. आक्का भाकरी थापायला लागली की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. लग्न होऊन मी दिंडोरीकडनं इथं आले तेव्हा पहिले पंधरा दिवस मी त्या कॅलेंडराकडंच बघत बसायची, सागर शिफ्टला गेला की दाराला कडी. मला सगळ्याची भीती. रस्ता ओलांडायची भीती, पाणीवाल्याची भीती, फॉर्म भरायची तर लय भीती.

आक्काला मी तोंडावर अहो-जाहो करायची, मनात मात्र ती. उंच होती, हाडापेरानं मोठी. साडीवर निळा ॲप्रन, कंपनीतला, कंपनी सोडून वर्षं झाली तरी. ॲप्रनच्या खिशात टेस्टर, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिनं बावीस वर्षं मोटारी भरल्या होत्या. म्हणजे मोटारीच्या आतली जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची आणि ते सगळं वॉर्निशमध्ये बुडवायचं. घरी बसल्यावर बिल्डिंगमधले मिक्सर आणि पंखे करायची. बाया जळका मिक्सर घेऊन रडवेल्या तोंडानं यायच्या, आणि आक्का मिक्सर कानाशी धरून म्हणायची, "मेला नाय हा. फक्त रुसलाय."

आणि ती यायच्या आधी तिचा वास यायचा. बाप्याचं सेंट. बायकांचं गोड-गोड असतं तसलं नाय. जाड काचेची हिरवी बाटली, घट्ट फिरकीचं टोपण, चिठ्ठी इतकी घासलेली की नाव गेलं होतं आणि नुसतं एक पान उरलं होतं चित्रातलं. तिच्या मालकांची, भास्कररावांची. ते फिटर होते. कुठल्यातरी परदेशी इंजिनेरानं मशीन बसवून जाताना त्यांना दिलेली. भास्करराव ती सणाला लावायचे नाहीत. कुणासमोर ताठ उभं राहायचं असेल तेव्हाच लावायचे, मॅनेजरसमोर नायतर संपात गेटवर. ते वारले आणि दुसऱ्या दिवसापासून आक्का लावायला लागली. रोज नाय, पण ठरवून. विधवा बाई, त्यात अत्तर, त्यात बाप्याचं. आमच्या गॅलरीत बोलायला एवढं पुष्कळ.

पण आक्कासमोर बोलायची सोय नव्हती. कोणी म्हणालं ना की आक्का, लोक काय म्हणतील, की ती हातातलं काम खाली ठेवायची आणि शांतपणे विचारायची, "लोक म्हणजे कोण? नाव सांग. खोली नंबर पण सांग." समोरची बाई गप. कारण नाव सांगायचं तर स्वतःचंच सांगावं लागायचं.

एकदा सात नंबरात हळदीकुंकू होतं. त्या घरच्या सासूबाईंनी सुनेकडून निरोप पाठवला, आक्कांनी येऊ नये, वाईट वाटून घेऊ नये. आक्का आली. ॲप्रन काढून, चांगली साडी नेसून, आणि सेंट असं लावलं होतं की जिन्यात कळलं. मधोमध सतरंजीवर बसली. मग सासूबाईच म्हणाल्या, "आक्का, अहो तुम्हाला कसं सांगू..." आक्का म्हणाली, "कुंकू नका लावू, मी मागितलं पण नाय. पण हा वास कोणाचा? भास्करचा. म्हणजे तो आलाय बरोबर. त्याला वाण द्या, त्याला चहाची गाळणी लागते." सगळ्या बाया पदरात तोंड घालून हसल्या, सासूबाई पण हसल्या, आणि गाळणी मिळाली. मी तिथनं निघाले तोवर ती गाळणी तिच्या खिळ्याला होती.

बाटली आक्का एकटी वापरायची नाय. हा तिचा नियम होता. बिल्डिंगमधलं कोणी घाबरायच्या ठिकाणी चाललं असेल तर तिनं हाक मारायची. कानामागं एक थेंब, बास. "जा आता. कोणी ढकललं तर ढकलू नको, पण सरकू पण नको." आणि बदल्यात एकच काम. संध्याकाळी परत यायचं आणि सांगायचं, वास कशाचा आला. ती ते अंबाड्यातली पेन्सिल काढून दाराच्या मागच्या बाजूला लिहायची. माणसाचं नाव, पुढं वास. दार निम्मं भरलं होतं.

रिक्षावाले फिरोजभाई पोरीच्या शाळेत भांडायला गेले होते तेव्हाचं लिहिलेलं होतं, सलून. ते म्हणाले, "आक्का, दाढी झाल्यावर न्हावी थंड हात फिरवतो ना गालावर, वही. लेकिन सकाळी भांडखोर वास, आणि संध्याकाळी एकदम शहाणा. गोड होतो." तीन नंबरातली पूनम पोलीस भरतीला धावायला गेली, तिला म्हणे पहाटेच्या ओल्या मैदानाचा आला. रिटायर मास्तर होते एक, ते पेन्शनच्या साहेबाकडं जाऊन आले आणि म्हणाले, "इन्स्पेक्टर येऊन गेल्यावर वर्गात जो राहतो तो." माझ्या सागरनं कंपनीत पर्मनंट करायच्या इंटरव्ह्यूला लावलं, त्याला कडुलिंबाची काडी मोडल्यासारखा आला, नोकरी लागली तरी कडूच म्हणाला. एका पोरानं तर तोंडावर सांगितलं, झुरळाच्या औषधाचा. मला वाटलं आक्का चिडेल. आक्कानं लिहिलं, झुरळाचं औषध, आणि वर विचारलं, "पावडर का फवारा?"

मला वाटायचं ही एवढं कशाला विचारते, स्वतः पण लावते की.

मला तिनं कितीदा हाक मारली. चिऊच्या जन्माच्या दाखल्याला चार खेपा झाल्या माझ्या, प्रत्येक वेळी खिडकीतला माणूस उद्या म्हणायचा आणि मी बरं म्हणून यायची. आक्का म्हणायची, "ये, लावते." मी म्हणायची, नको आक्का, सासूबाई गावावरनं येतात, वास घेतील, म्हणतील कुठल्या बाप्याचा. दारावर तिनं माझं नाव लिहून ठेवलं होतं, कविता, आणि पुढं रेघ. "जागा धरून ठेवलीय तुझी," म्हणायची.

मग गॅसचं झालं.

चिऊ सात-आठ महिन्यांची होती. दुपारचं मी तिला झोपवत होते आणि मला वास आला. गॅसचा, सडक्या कांद्यासारखा. मी माझी शेगडी बघितली, बंद. भिंतीला नाक लावलं तर तिकडनंच. मी चिऊला तशीच उचलली आणि तेरा नंबरचं दार ढकललं तर आक्का खाटेवर बसून पंख्याची कॉइल गुंडाळतेय, निवांत, आणि शेगडीचं बटण उघडं, जाळ विझलेला, दूध उतू जाऊन विझलेला. डोळे चुरचुरत होते इतका गॅस. मी बटण बंद केलं, खिडकी उघडली, आक्काला हाताला धरून गॅलरीत ओढली. मी ओरडले तिच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसावर. "आक्का, वास येत नाय का तुम्हाला?"

ती कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "नाय येत."

"म्हणजे?"

"कशाचाच नाय येत. वॉर्निशनं खाल्लं नाक. आधी भास्कर गेला, मग दोन वर्षात नाक गेलं."

तिच्या घरातली करपलेली भांडी, प्रत्येक भाजी मला चाखायला देऊन मीठ विचारायची ते, सगळं एकदम डोक्यात आलं. मी म्हणाले, मग ते सेंट?

"तेच की. लावते, पण मला येत नाय. तो कसा यायचा ते विसरत चाललेय मी. आधी आठवायचं, आता नाय आठवत. म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही सांगता ते तुकडे जोडते."

"पण सगळे वेगवेगळं सांगतात आक्का. सलून आणि झुरळं कसं जोडणार?"

"भास्कर पण सगळ्यांना वेगवेगळाच होता," ती म्हणाली. "मॅनेजरला विचारलं असतंस तर झुरळच म्हणाला असता."

आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, "कोणाला सांगू नको. दिग्याला कळलं तर मला उचलून नेतील. त्र्यंबकला यात्रेकरूंच्या पंगती असतात, भांडी कोणाच्या वाटणीला येतात मला माहिताय."

मी शब्द दिला. तिनं पण दिला, की स्वयंपाक कॉइलच्या शेगडीवर करीन. स्वतःच तयार केली तिनं, आठ दिवसांत. पण भाकरीला गॅस लागायचाच. "कॉइलवर फुगत नाय," म्हणायची, "आणि न फुगलेली भाकरी मी खाणार नाय, नाक नसलं तरी डोळे हायत." तर दिवसातनं एकदा गॅस पेटायचा, कॅलेंडर हलायचं, आणि मी अलीकडं चिऊला मांडीवर घेऊन श्वास ओढत बसायची, वास येतो का बघत.

तर असा तो रविवार. मी ती पांढरी बाटली पदराखाली धरून तेरा नंबरात गेले. वाटेत ठरवलं होतं सांगायचं, चिऊनं पाडली. पण चिऊ तिथंच कडेवर होती आणि तिच्यासमोर खोटं सांगवेना. मी म्हणाले, "आक्का, मी पाणी टाकलं."

आक्कानं बाटली घेतली, खिडकीशी धरली. "दुधासारखं झालं की."

"पुरावं म्हणून टाकलं."

"शाम्पू समजलीस होय?" आणि ती हसली, पोट धरून, कितीतरी वेळ. मला रडू येत होतं आणि ती हसत होती. मग म्हणाली, "वास हाय का गेला?"

मी टोपण काढून वास घेतला. "हाय. कमी हाय, पण हाय."

"मग झालं. मला कुठं फरक पडतोय." तिनं स्वतःला लावलं, कानामागं, मनगटाला, मग माझी मान धरून माझ्या कानामागं पण लावलं, मी नको म्हणायच्या आत. थंड लागलं. "आज तुला पण लागणार. संध्याकाळी सांग कशाचा ते."

मी म्हणाले, मला कशाला, मी कुठं जातेय. तेवढ्यात जिन्यात पायांचा आवाज झाला.

तिघं आले. दिगंबर, त्याची बायको, आणि दिगंबरचे वडील, म्हणजे आक्काचे मोठे दीर, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्र्यंबकला देवळाच्या रस्त्याला त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान, वर यात्रेकरूंना राहायच्या खोल्या. मी जायला निघाले तर दिगंबर म्हणाला, "ताई, बसा तुम्ही. तुमच्याशीच बोलायचंय." मी चिऊला घेऊन तिथंच बसले.

दिगंबर वाईट माणूस नव्हता, हे मी सांगते. येताना आक्काच्या गुडघ्याचं औषध आणलं होतं त्यानं. पण खोलीचे कागद पण आणले होते, सही करायचे. तो समजावून बोलत होता. "काकू, वय झालं. एकटी राहतेस. भांडी बघ सगळी करपलेली. आणि हे बघा अण्णा." त्यानं दार लोटून मागची बाजू दाखवली. "सलून, मैदान, झुरळाचं औषध. शहाणं माणूस दारावर असलं लिहितं का?"

त्याच्या बायकोनं पदर नाकाला लावला.

अण्णा दारापाशी काठी टेकत गेले, वाचलं. परत येताना आक्काच्या जवळनं गेले आणि थांबले. नाक वर करून म्हणाले, "भास्करचं ते... अजून हाय?"

"शेवटचं हाय, भाऊजी."

"आमच्या बापासमोर हेच लावून उभा होता. म्हणे कारखान्यात जाणारी पोरगीच करीन, नायतर करणारच नाय. मला तेव्हापासून याचा भांडणाचाच वास येतो."

आक्कानं अंबाड्यातली पेन्सिल काढली. "थांबा, लिहिते. भाऊजी, भांडण." आणि खरंच दाराशी जाऊन लिहिलं तिनं, सही करायच्या कागदांना ओलांडून.

अण्णांच्या मिशीत हसू आलं, पण दिगंबर तापला. "हेच म्हणतोय मी. हे असं चाललंय." आणि माझ्याकडं वळला. "ताई, तुम्ही खरं सांगा. तुम्ही शेजारी, भिंत एकच. तुमचं लहान लेकरू आहे. उद्या गॅसबिस उघडा राहिला तर आधी तुमचं घर आहे. मी तुमच्यासाठी पण बोलतोय. काकूला एकटं ठेवणं बरोबर आहे का? लोक म्हणतात..."

गॅस म्हणाला आणि मी चिऊला जवळ ओढली. त्याला माहीत नव्हतं, तो नुसता बोलायचं म्हणून बोलला होता. पण मला माहीत होतं. मला एकटीला माहीत होतं. मी एक शब्द बोलले असते, की तिला वास येत नाय, तर संपलं होतं, आक्का त्याच दिवशी गाडीत बसली असती आणि माझी पोर सुखरूप. चिऊ माझ्या मांडीवर माझं मंगळसूत्र तोंडात घालून बसली होती. मी आक्काकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलंच नाय. तिला वाटलं असतं तर नजरेनं मला विनवू शकली असती. पण ती बाटलीचं टोपण फिरवत बसली, घट्ट, सैल, घट्ट.

माझ्या कानामागनं तो वास येत होता. आणि माझ्या तोंडातनं निघालं, आवाज फाटलेला, पण निघालं.

"लोक म्हणजे कोण, दिगंबरभाऊ? नाव सांगा. खोली नंबर पण सांगा."

दिगंबरनं अण्णांकडं बघितलं.

"बारा नंबर मी हाय," मी म्हणाले. "भिंत माझी हाय. बारा नंबर म्हणतंय, आक्का इथं राहू शकते. भांडी करपतात तर माझी पण करपतात. मला पण नेणार का त्र्यंबकला?"

चिऊ रडायला लागली. अण्णा काठीवर जोर देऊन उठले. "चल दिग्या," म्हणाले. "भास्करच्या बायकोला कोण उठवणार इथनं." दिगंबर कागद गोळा करताना मला हळूच म्हणाला, "ताई, काय झालं तर तुमच्यावर आहे हां." मी म्हणाले, हो. हो म्हणायला काय लागतं. नंतर कळतं काय लागतं ते.

ते गेल्यावर आक्कानं आभार मानले नाहीत. मानले असते तर मला बरं वाटलं नसतं. तिनं चिऊच्या हातात तारेचं भेंडोळं दिलं आणि विचारलं, "वास कशाचा आला?"

मी काय सांगणार. मीच पाणी घातलेलं सेंट ते. मी म्हणाले, मग सांगते, चिऊ झोपेला आलीय. ती रोज विचारायची आणि मी रोज मग सांगते म्हणायची. दारावर माझ्या नावापुढं रेघ तशीच.

पण मी एक केलं. सकाळी, भाकरीनंतर आणि दिवेलागणीला, तीनदा तिच्या घरात जायची आणि वास घ्यायची. शेगडी, नळी, सिलेंडर. वाकून वाकून. आक्का म्हणायची, "आली माझं नाक." चार महिने एक दिवस चुकला नाय. सणाला माहेरी पण गेले नाय, आई रागावली.

सागरला सेकंड शिफ्ट लागली आणि तो सकाळी घरी असायला लागला. त्यानं बघितलं. म्हणाला, "रोज तिकडं जाऊन काय हुंगत असतेस?" मी खोटं बोलायला गेले आणि जमलं नाय, सगळं सांगितलं. तो ओरडला नाय. त्यानं चिऊला उचललं आणि भिंतीकडं बघत बसला, त्या एका विटेच्या भिंतीकडं. मग म्हणाला, "त्या दिवशी तू त्या लोकांना सांगितलं नाहीस. आपली पोर इथं झोपते, आणि तू सांगितलं नाहीस." सासूबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, हिला आई म्हणायचं का. महिनाभरात सागरनं पाथर्डी फाट्याला खोली बघितली.

निघायच्या दिवशी मी फिरोजभाईंना गाठलं. त्यांना खरं सांगितलं, दुसरं कोण होतं मला. ते म्हणाले, "भाभी, सुबह पहिल्या सवारीच्या आधी मी बघेन, शामको पण. मैं हूं ना, माझं नाक एकदम ओके आहे, रिक्षातला पेट्रोलचा थेंब कळतो मला." दुपारच्या भाकरीचं काय ते त्यांनी पण नाय विचारलं आणि मी पण नाय.

सामान टेम्पोत गेलं होतं. मी चिऊला घेऊन तेरा नंबरात गेले. आक्का नेहमीसारखी ॲप्रन घालून मिक्सर उघडून बसली होती. मी निघते म्हणाले. ती म्हणाली, "रेघ राहिली तुझी."

मग मी सांगितलं. "आक्का, मला दुसऱ्या कशाचा आला नाय. सलून नाय, मैदान नाय. मला तुमचाच आला. मी लग्न होऊन आले तेव्हापासून भिंतीतनं तोच येतो. मला त्या दिवशी वाटलं मी तुम्हीच हाय, म्हणून बोलले."

आक्काच्या हातातला पाना थांबला. "माझा?" म्हणाली. "मला वास हाय होय?" तिनं मनगट नाकाशी नेलं, येत नाय हे माहीत असून, आणि तिथंच धरून ठेवलं.

खालून सागरनं हाक मारली. मी जिना उतरले. वळणावरनं वर बघितलं तर तेरा नंबरचं दार अर्धं लोटलेलं, आणि दाराच्या कडेनं फक्त तिचं कोपर दिसत होतं, निळ्या बाहीतलं, वर उचललेलं, हलत होतं. लिहीत होती.

आता इकडं सगळे मला म्हणतात, चुकलीस. पोर धोक्यात घातलीस, नायतर म्हातारी धोक्यात टाकून आलीस, दोन्हीकडनं चुकलीस. दुपारी भाकरीच्या वेळेला मी अजून रोज श्वास ओढून वास बघते, मी नाय म्हणत नाय. पण परत विचारलं तर मी परत तेच बोलेन. तुम्ही तिथं असता, मांडीवर पोर, समोर ते कागद आणि टोपण फिरवणारी ती बाई, तर तुम्ही काय केलं असतं? मला सांगा. फक्त लोक म्हणून नका सांगू. नाव सांगा, आणि खोली नंबर पण.